विळीशेजारची काळी सुरी

मित्रांनो, मी एक काळी सुरी आहे. जुनी की नवी, ते तुम्हीच ठरवा. सुरी म्हणून माझे वय फार नाही, पण माझे पोलाद तुमच्या आजोबांच्या वयाचे असेल. मी चमकत नाही. माझ्या अंगावर डाग आहेत. त्यांची मला लाज वाटत नाही, आणि वाटायला हवी असे ज्यांना वाटते, त्यांनी तर हे जरूर ऐकावे.

आधी मी सुरी नव्हते. लॉरीच्या चाकांवर जे पोलादी पाटे असतात, त्यांतला एक पाटा होते. भाताची पोती अंगावर घेऊन पापनाशम ते तंजावर अशा फेऱ्या केल्या. खड्डा आला की वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे, एवढेच माझे काम. लॉरी भंगारात गेली तेव्हा एका लोहाराने मला उचलले. तापवून लाल केले, ठोकले आणि तेलात बुडवले. मी तडकले नाही. त्याने चिंचेच्या लाकडाचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी लावले आणि आरपार खिळे ठोकले. माझे पाते मुठीपाशी संपत नाही. ते मुठीच्या आतून थेट शेवटपर्यंत जाते. मी मिटून खिशात बसत नाही आणि मुठीतून सुटूनही येत नाही.

लोहाराची बायको महालक्ष्मी पापनाशमच्या बस थांब्याजवळ गोणपाट अंथरून विळे, कोयते आणि सुऱ्या विकते. तिथे मी पुष्कळ दिवस पडून होते. लोक वाकून बघत, चकचकीत काहीतरी उचलत आणि जात.

एके दिवशी तंजावरहून वेंकटरमणराव आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पांढऱ्या वेष्टीतले, म्हणजे लुंगीसारख्या नेसलेल्या धोतरातले, दाढी वाढलेले. घरी मराठी बोलणारे आणि रस्त्यावर तमिळ. त्यांच्या पत्नी भामाबाई त्या वर्षी उन्हाळ्यात वारल्या होत्या. मुलगी नित्या चेन्नईला नोकरीला. तिने सांगितले होते, "आप्पा, एकट्यानं राहायचं नाही. माझ्याकडे या. घराला कुलूप लावू." राव नाही म्हणाले. शेवटी दोघांचे ठरले, की आईच्या वर्षश्राद्धाचा सगळा स्वयंपाक आप्पांनी एकट्याने केला, तर ते तंजावरला राहतील. नाही जमला, तर कुलूप.

आता अडचण बघा. भामाबाई जमिनीवर विळीला बसून भाजी चिरत. रावांचे गुडघे असे, की विळीला बसले तर उठवायला माणूस हवा, आणि घरात माणूस नव्हता. म्हणून त्यांना उभ्याने चिरायला सुरी हवी होती. मोठ्या दुकानातल्या सुऱ्या चांगल्या होत्या, पण भामाबाईंच्या आजारपणाच्या खर्चाने रावांचा हात आखडला होता. मग त्यांनी बाजारातून एक स्वस्त चकचकीत सुरी आणली. सुरणावर जोर दिला, तर मूठ हातात राहिली आणि पाते सुरणात. पुढे एक मिटायची सुरी आणली. ती नारळाची शेंडी काढताना बोटावरच मिटली. म्हणून आता राव गोणपाटापुढे वाकून एकेक सुरी उलटीसुलटी करून बघत होते. मुठीच्या मागच्या टोकाला पोलाद दिसते का, खिळे आरपार आहेत का, नखावर टेकवली तर पाते घसरते की धरते. दोनदा फसल्यावर माणूस शिकतोच.

"अय्या, सुरी घेताय की सून बघताय?" महालक्ष्मीने विचारले. तमिळमध्ये मोठ्या माणसाला मानाने अय्या म्हणतात.

"बायको बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता."

"मग? कशी निघाली?"

"भांडखोर. रोज भांडायची." रावांनी हातातली सुरी खाली ठेवली. "चांगली निघाली."

मग त्यांनी मला बघितले. "ती काळी दे."

"ती गंजते हो. आत्ताच सांगते, मागाहून ओरडू नका. पुसून ठेवली तर तुमच्या नातवंडांना पुरेल."

त्यांनी हात पुढे केला. महालक्ष्मीने मला त्या हातात दिले नाही. गोणपाटावर ठेवले. "उचला. हातातून हातात सुरी गेली की भांडण लागतं."

"हातातच दे. माझ्याशी भांडायला घरात कुणी उरलेलं नाही."

महालक्ष्मीने त्यांच्या तोंडाकडे बघितले. पण मला उचलले नाही. "असू दे अय्या. उद्या कुणी आलं तर?"

राव वाकले आणि त्यांनी मला उचलले. त्यांच्या खिशात होते तेवढ्या पैशांत माझी किंमत बसली. त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि आम्ही बसने तंजावरला आलो.

त्या घरात भामाबाईंची विळी भिंतीशी आडवी ठेवलेली होती. चिरून झाले की विळी आडवी करायची, ही भामाबाईंची सवय. शेवटचे चिरले त्या दिवशी त्यांनीच ती आडवी केली होती, म्हणून राव तिला हलवत नसत. केर काढताना तिच्या भोवतीने काढत. मला त्यांनी तिच्या शेजारच्या फळीवर ठेवले. मित्रांनो, मी तिची जागा घेतली नाही. तिच्या शेजारी राहिले.

पहिले दिवस वाईट गेले. रावांनी गवार चिरली ती काड्यांसारखी. कच्ची केळी सोलताना निम्मी सालीबरोबर गेली. बोटे कापली. एकदा त्यांनी मला रात्रभर ओल्या मोरीत ठेवले आणि सकाळी मी लाल झाले. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मग राख घेऊन त्यांनी मला घासले, पुसले, आणि अंगावर खोबरेल तेलाचे बोट फिरवले. त्या दिवसापासून त्यांनी मला ओले ठेवले नाही. धार गेली, की मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर मला घासत आणि घासताना बोलत. "भामा, आज सांबारात मीठ जास्त झालं." दगडाचा आवाज तेवढा येई. पण सुरणाचे तुकडे हळूहळू एकसारखे पडू लागले.

श्राद्धाला दोन दिवस असताना नित्या आली. येताना सुऱ्यांचा नवा सेट घेऊन आली, खोक्यात बसवलेला, झगझगीत. मला फळीवर बघून ती ओरडलीच.

"अय्यो आप्पा! हे काळं काय आहे? यानं चिरून जेवता तुम्ही?"

"रोज जेवतो. आहे की जिवंत."

संध्याकाळी राव देवळात गेले असताना तिने मला भंगाराच्या गोणीत टाकले. रिकाम्या बाटल्या, तुटकी छत्री आणि मी. खरे सांगते, मला वाईट वाटले नाही. राग आला. मी भंगारातून एकदा आले आहे. तिथे परत जाण्यासारखे मी काय केले होते?

राव आले आणि त्यांनी फळी बघितली. पडवीत जाऊन सगळी गोणी उलटी केली. बाटल्या घरंगळत अंगणात गेल्या.

"आप्पा, नवा सेट आणलाय ना मी!"

"तो छान आहे. तू वापर. ही माझी आहे." त्यांनी मला वेष्टीच्या टोकाने पुसले. "जी मला जमते, ती तू टाकून देतेस. घराचंही तेच करायला आलीस ना?"

नित्या म्हणाली, "मी स्वयंपाक्याला सांगून ठेवलंय. परवा तो येईल."

"फोन कर आणि नको म्हण."

"आणि जमलं नाही तर? भटजी पानावर बसल्यावर?"

"जमलं नाही तर कुलूप तू लाव, किल्ली मी देतो. पण आधी मला करू दे."

तिने फोन केला, रागारागाने, पण केला.

श्राद्धाच्या दिवशी राव पहाटे उठले. आंघोळ करून ओल्या वेष्टीतच ओट्यापाशी उभे राहिले. सुरण, कच्ची केळी, कारली, गवार. सुरणाच्या जाड सालीत मी शिरले आणि मूठ हलली नाही. नवा सेटही वाईट नव्हता, हे मी मान्य करते. पण त्या दिवशी त्या हातांना ओळखीची मूठ हवी होती. नित्या दारात हाताची घडी घालून उभी होती. बघत होती, आप्पा कधी थांबतात. आप्पा थांबले नाहीत. कारली झाली, केळी झाली. गवारीपाशी मात्र तिला राहवले नाही.

"आप्पा, किती जाड चिरताय! आईनं बघितलं असतं तर?"

"तुझी आई याहून जाड चिरायची. मी रोज तेच सांगत होतो, आणि ती म्हणायची, तुम्हीच चिरा मग." राव माझ्याकडे बघत म्हणाले, "आता चिरतोय."

नित्या हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. तिने पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "द्या इकडे. गवार मी चिरते. बाकी सगळं तुम्हीच केलंत, मी बघितलंय."

रावांनी मला ओट्यावर ठेवायला हात खाली नेला. मग तो हात थांबला. त्यांनी मला फिरवले, मूठ तिच्याकडे केली, आणि सरळ तिच्या हातात दिले.

"खाली ठेवा हो आप्पा! भांडण लागेल."

"लागू दे. वर्षभर या घरात भांडण झालेलं नाही."

नित्याने मूठ धरली. दुसरे टोक रावांनी लगेच सोडले नाही. क्षणभर दोघांचे हात माझ्यावर होते.

भटजी पोटभर जेवले. कावळ्यानेही ताटकळत ठेवले नाही. दुपारी भांडण लागलेच, आणि काय भांडण! चेन्नई, गुडघे, गॅस बंद करायला विसरणे, सगळे निघाले. पडवीतून शेजारीण डोकावून गेली. शेवटी नित्या म्हणाली, "राहा इथेच! पण दर महिन्याला येऊन मी तुमची भाजी बघणार आहे." राव म्हणाले, "ये. गवार ठेवतो."

मित्रांनो, तुम्हाला कधी सुरी घ्यायची झाली आणि खिसा हलका असला, तर मोठ्यांना बरोबर घेऊन जा आणि चमक बघू नका. पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेले आहे का, ते बघा. घरी नेल्यावर तिला पुसा, कोरडी ठेवा, तेलाचे बोट लावा. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने चिरून खायचे आहे, त्याच्या हातातली सुरी काढून घेऊ नका. जाड चिरू द्या. त्याच्याशी भांडा हवे तर.

विळी अजून भिंतीशी आडवी आहे. मी तिच्या शेजारी आहे, काळीच आहे. मला चमकवायला येऊ नका.