आपापल्या बाजूचा भात

शातिवाच्या किल्ल्याचं शेवटचं वळण वेरेनाने पळतच घेतलं, वर पोचून दोन्ही हात उंचावले, आणि हात वर असतानाच ती गुडघ्यांत वाकली. रूता चार पावलं मागे होती. हातातली बाटली टाकून तिने धावत जाऊन वेरेनाचा दंड धरला. जाड लोकरीच्या बाहीवरून धरला होता, तरी तिचा अंगठा फिरून आपल्याच बोटांना टेकला.

"काही नाही गं," वेरेना दगडी कठड्याला टेकत म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "ऊन लागलं जरा."

ऑक्टोबर संपत आला होता. लागण्याजोगं ऊन नव्हतंच.

खालून दोनातो धापा टाकत वर आला आणि सरळ जमिनीवर आडवा झाला.

"हिला पाय नाहीत, चाकं आहेत चाकं! स्टेशनापासून बस होती ना, बाई? चांगली निळी, खिडक्यांची बस?"

"बसमधून काय दिसतं?"

"पाय दुखत नाहीत, हे दिसतं."

वेरेना हसली. रूताने दंड सोडला नव्हता. वेरेनाने तिचं एकेक बोट हळूच सोडवलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "ह्याला सांगू नकोस हं."

सप्टेंबरात तिघं एकाच आठवड्यात स्पेनमधल्या वलेन्सियाला शिकायला आली होती. रूता लिथुआनियातल्या काउनासहून, वेरेना ऑस्ट्रियातल्या ग्राझहून, दोनातो इटलीच्या पार टाचेवरच्या लेच्चेहून. रूता आणि वेरेना एका घरात राहत, दोनातो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पण भूक लागली की तो ह्यांच्याकडेच असे. शनिवारची सहल वेरेनाने सुरू केली. फ्रिजवर ती कागद लावायची: गाडी किती वाजता, कुठे उतरायचं, किती चालायचं. आठवडाभर वाचनालयात माना मोडून बसलेल्या तिघांचा जीव त्या कागदात असे. सगुंतो, कुयेरा, बुन्योल ही गावं अशीच पाहून झाली. तिच्याशिवाय ती दोघं शनिवारी दुपारी बारापर्यंत लोळत पडली असती.

खाण्याचंही तीच बघायची. पावाला टोमॅटो चोळायची, हॅमच्या चकत्या वाटायची, संत्री सोलायची, उरलेलं कागदात गुंडाळून दोनातोच्या पिशवीत सारायची. जेवताना तिचे हात सतत कशात तरी गुंतलेले असत, त्यामुळे तिच्या तोंडाकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. रूताचंही नाही. आता त्या दंडाला हात लागल्यावर तिला मागचे सगळे शनिवार आठवायला लागले, आणि वेरेना घास गिळतेय असा एकही आठवेना.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने विषय काढला. वेरेना ओटा पुसत होती. आधीच पुसलेला होता.

"डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? मी येते सोबत."

"कशाला?"

"तू पडलीस आज."

"पडले नाही. वाकले."

"वेरेना, तू जेवत नाहीस गं."

वेरेनाने फडकं पिळलं, घडी घातली, नळावर नीट टाकलं. मग अगदी मायेने म्हणाली, "तू माझी आई आहेस का, रूता?"

पुढच्या शनिवारच्या कागदावर चालायचं अंतर दुप्पट झालं.

शेवटी रूताने दोनातोला सांगितलंच. पहिल्यांदाच असं झालं की त्याला थट्टा सुचली नाही. रविवारी तो सकाळी आठला पिशव्या भरून त्यांच्या दारात उभा. चार तास त्याने वांगी तळली, थर लावले, ओव्हनमध्ये घातले. वेरेनाने तीन घास खाल्ले, प्रत्येक घासाचं कौतुक केलं, कृती लिहून घेतली, आणि उरलेलं ताट वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला देऊन आली. ती वर गेली तेव्हा दोनातो भांडं घासत होता. पाठमोराच म्हणाला, "आता काय करायचं गं? जबडा उघडून भरवायचं का तिला?"

विद्यापीठाच्या दवाखान्यात रूता विचारून आली. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती सज्ञान आहे. तिने स्वतः यायला हवं, बाळ." तेवढं ऐकून रूता घरी आली. वेरेना जमिनीवर बसून ग्राझहून आलेलं पार्सल उघडत होती. आईने लोकरीचे मोजे पाठवले होते. खोक्यावर पाठवणारीचं नाव होतं, रोझविता, आणि खाली फोन नंबर.

निरोप लिहायला रूताला तासभर लागला. जर्मन तिला येत नव्हतं, फोनकडून भाषांतर करून घेताना प्रत्येक वाक्य जास्तच कडक होत होतं. 'तुमची मुलगी आजारी आहे. तिला ते कबूल नाही. आम्हाला काही करता येत नाही. तुम्ही या.' शेवटी एवढंच उरलं. उत्तर दहा मिनिटांत आलं. 'लिहिलंस ते फार बरं केलंस. मी येते. तुझं नाव तिला सांगणार नाही.'

रूता त्या रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोपली. कुणीतरी मोठं माणूस येणार होतं.

रोझविता नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आली. उंच, देखणी बाई. करड्या रंगाचा भलाथोरला कोट, मानेभोवती दोनदा गुंडाळलेली शाल, आणि वेरेनाचंच हसू. तिने रूताला गालाला गाल लावून भेटताना तिचा हात जरा जास्त वेळ दाबून धरला. रूताला तेवढ्याने रडू येईल असं वाटलं.

शनिवारी चौघं बसने एल पाल्मारला गेली. तिथे तळ्याच्या काठाला भाताची शेतं हिवाळ्यात पाण्याखाली असतात, त्या पाण्यावर बगळे उतरले होते. अंपारो नावाच्या बाईंची खाणावळ दोनातोच्या ओळखीची होती, तिथे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. लाकडाच्या जाळावर शिजलेला, ससा-कोंबडी-शेंगा घातलेला भात पसरट कढईसकट टेबलाच्या मधोमध आला.

"ताटल्या नको, अंपारो," दोनातो म्हणाला. "आम्ही इथले झालो आता."

"बघा, दोन महिन्यांत वलेन्सियाचा झाला हा!" अंपारो म्हणाल्या. "खरवड सोडायची नाही हं, राण्यांनो. सगळी मजा तळाला आहे."

दोनातोने रोझविताला इंग्रजीत नियम समजावला. आपल्यासमोरची पाचर आपली. कडेकडून मध्याकडे खात जायचं. शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा गेला की युद्ध.

"काय सुंदर!" रोझविता म्हणाली. तिने कढईचा फोटो काढला, मग वेरेनाचा कढईसोबत, मग तिघांचा. शेंगांबद्दल विचारलं, केशराबद्दल विचारलं. दोनातो खुलून सांगत होता. त्याने स्वतःच्या बाजूला तळाचं काळं लोखंड उघडं पाडलं होतं. रूताच्या बाजूलाही अर्धं दिसायला लागलं होतं.

रूताचं लक्ष वेरेनाच्या पाचरीकडे होतं. वेरेना आज खात होती. हळू, पण खात होती. एक चमचा, दुसरा, तिसरा. कुणी तरी मोठं माणूस शेजारी बसलं की असं होतं तर, असं रूताला वाटलं आणि तिच्या छातीवरून ओझं उतरल्यासारखं झालं. तिने आनंदाने रोझविताकडे पाहिलं.

रोझविताचा चमचा चालू होता. ती सशाचा तुकडा हाडापासून सोडवत होती, शेंगा एका कडेला लावत होती, मग त्या परत मध्ये आणत होती, लिंबू पिळत होती. बोलत होती, हसत होती, मान डोलावत होती. तिच्या समोरचा भात नांगरल्यासारखा उकरला गेला होता. कमी कुठेच झाला नव्हता.

रूताने चमचा खाली ठेवला.

दोनातोनेही पाहिलं असावं, कारण तो केशराबद्दल बोलता बोलता मध्येच थांबला आणि पाण्याचा ग्लास उचलून उगाच पीत राहिला.

"आमच्या घरी सगळ्यांचाच आहार बेताचा," रोझविता म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

अंपारो कढई न्यायला आल्या तेव्हा ती दोन बाजूंनी रिकामी होती आणि दोन बाजूंनी भरलेली. त्यांनी उरलेल्या भाताच्या उंचवट्याकडे पाहिलं, मग मायलेकींकडे. नेहमीसारखं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कढई घेऊन त्या आत गेल्या.

दोनातो नावाड्याशी बोलायला धक्क्यावर गेला आणि वेरेना हात धुवायला. टेबलाशी दोघीच उरल्या. रोझविताने रूताचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात गार होते.

"मी फार घाबरून आले गं," ती म्हणाली. "तुझा निरोप वाचून मला वाटलं, आता काय बघावं लागतंय. विमानात डोळ्याला डोळा लागला नाही."

"मला तशी भीती घालायची नव्हती, पण…"

"नाही, नाही, तू चांगलंच केलंस. पण बघ ना, बरी आहे ती." रोझविताने पाण्याकडे पाहिलं. तिथल्या उजेडात तिच्या गालाचं हाड फार स्पष्ट दिसत होतं. "माझ्यापेक्षा तर कितीतरी जास्त खाते."

ती हे समाधानाने म्हणाली. रूताने तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. कुठे तरी लपवाछपवी सापडेल म्हणून शोधलं. नव्हती.

नावेत बसायला रोझविता नको म्हणाली. जेवणानंतर चाललेलं बरं. ती बांधावरून झपझप पुढे निघाली आणि दोनातो बिचारा सोबतीला तिच्या मागून धावला. वेरेना रूताजवळ धक्क्याच्या पायरीवर थांबली. दोघी पाणकोंबड्या बघत होत्या.

"तूच लिहिलंस ना?" वेरेनाने स्पॅनिशमध्ये विचारलं. आई लांब होती, तरी तिला न कळणाऱ्या स्पॅनिशमध्ये.

"हो."

"रागावले नाही मी."

"मला वाटलं होतं, त्या तुला…"

"माहीत आहे तुला काय वाटलं होतं." वेरेनाने पायातला बूट पायरीवर घासला. "मी खाल्लं की ती खाते, रूता. मी एक घास घेतला तर ती एक घेते. कधीकधी घेते. सातवीत असल्यापासून मी तिच्यासमोर बसून जेवतेय. बाबा गेल्यावर तर रोज." तिने बांधावरच्या आईकडे पाहिलं. "इथे आले तेव्हा पहिल्याच दिवशी मनात आलं, आता कुणासाठीही जेवायला नको. इतकं हलकं वाटलं ना, काय सांगू तुला."

रूताने वेरेनाच्या पाठीवर हात ठेवला आणि कोटाखालचे मणके हाताला लागले तशी दचकून काढून घेतला. मग पुन्हा ठेवला.

"सोमवारी दवाखान्यात येशील?" तिने विचारलं. "माझ्यासाठी."

"अजून एकीसाठी?" वेरेना म्हणाली. तिच्या आवाजात चीड नव्हती, नुसता थकवा होता.

बस सुटायच्या वेळी अंपारो धावत बाहेर आल्या आणि खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत ढकलली. "वाटेत खा गं, राण्यांनो," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. मायलेकी पुढच्या बाकावर बसल्या, रूता आणि दोनातो त्यांच्या मागे. शेतातलं पाणी गुलाबी झालं होतं. दोनातोने कपाळ काचेला टेकवलं होतं.

पुढच्या बाकावर रोझविताने एक संत्रं सोललं. साल एका लांब पट्टीत निघाली. तिने फोडी सुट्या केल्या, प्रत्येकीचे पांढरे धागे काढले, आणि एक फोड वेरेनाच्या हातावर ठेवली. एक स्वतःच्या. वेरेनाने फोडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि फोड तोंडात टाकली. रोझविताने मग आपली टाकली. पुन्हा दोन फोडी. वेरेनाने खाल्ली, मग रोझविताने. तिसऱ्या वेळेला वेरेनाचा हात ओठांपर्यंत गेला आणि तिथून परत मांडीवर आला. रोझविताचा हातही आपल्या मांडीवर आला. दोघी आपापल्या फोडी धरून समोर बघत बसल्या. भातशेतं संपली, गोदामं लागली, शहरातले दिवे लागले, तरी तशाच.

रूता उठली. काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. मागे बसून पाठी बघणं मात्र आता तिच्याने होत नव्हतं. वळणावर बस हेलकावली, तिने पुढच्या बाकाची दांडी पकडली आणि दोघींच्या शेजारी, मधल्या वाटेत, वाकून उभी राहिली. तोल सावरायला तिने दुसरा हात पुढे केला.

"अगं, हवं का तुला? घे ना, घे!" रोझविताचा चेहरा उजळला. तिने आपली फोड चटकन रूताच्या तळहातावर ठेवली.

"माझीपण घे," वेरेना म्हणाली, आणि तिने आपली ठेवली.

दोघी अगदी मोकळं हसल्या.