छातीतलं पाणी

"मोठ्या डोक्याचा थो कतला, शेपटाले तीट थो रोहू. अन् मरळ दिसला का काढून फेक, बाई. थो आपल्याच भावाले खाते."

ज्योत्सनाच्या कानात बाबांचा हा आवाज लहानपणापासून वस्तीला आलेला. एकोडीच्या तळ्याच्या पाळीवर पांढरं ताट मांडायचं, त्यात पाण्यासकट मासोळीचं बारीक बियाणं सोडायचं आणि जात ओळखून एकेक जीव वेगळा करायचा. तेव्हा ती फ्रॉकात होती. आता भंडाऱ्याच्या एका लॅबमध्ये पांढरा कोट घालून ती मायक्रोस्कोपवर वाकते, तरी तो आवाज पाठीशी येऊन उभा राहतोच. काचेवरच्या जांभळ्या पेशी निवडायच्या, हेही बियाणं निवडण्यासारखंच. फक्त तळं माणसाचं असतं.

त्या दिवशी तळं खुद्द बाबांचं होतं.

बाबांना, म्हणजे धनीरामला, महिनाभर ताप आणि बारीक खोकला. झोपला की दम लागे, डाव्या कुशीत कळ येई. डॉक्टरांनी सुई घालून छातीतलं पाणी काढलं. कडब्याच्या रंगाचं, पिवळसर. त्याचीच काच ज्योत्सनाच्या डोळ्याखाली आली, आणि जिकडे बघावं तिकडे एकाच रूपाच्या पेशी. एककेंद्रकी.

तसं म्हटलं तर अंगातल्या बहुतेक पेशींना केंद्रक एकच असतं. कातडीच्या पेशीला, मेंदूच्या पेशीला. पण त्यांना कुणी लॅबमध्ये एककेंद्रकी म्हणत बसत नाही. हा शब्द ठेवलेला आहे रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठी, त्यातही लिंफोसाइट आणि मोनोसाइट या दोन घराण्यांसाठी. त्यांचं केंद्रक अखंड. दुसऱ्या जातीचं केंद्रक जागोजागी आवळलेलं, बारीक धाग्यानं जोडलेलं, म्हणून एक असूनही अनेक दिसणारं. शब्द रूप सांगतो, रोग सांगत नाही. पण छातीच्या पाण्यात या अखंडांची अशी दाटी झाली की डॉक्टरांचा संशय आधी एकाच दिशेला वळतो. पुढच्या तपासण्यांनीही तीच दिशा दाखवली. क्षय.

सहा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. धनीरामनं त्या मुकाट्यानं घरी नेल्या आणि कोनाड्यात ठेवून दिल्या. आईनं, रेवताबाईनं, फोनवर सांगितलं, "पाकीट फोडलंई नाई वो त्याईनं. म्हणते, पाणी निंगलं ना, आता कायच्या गोळ्या!"

शेवटी ज्योत्सनानं दोघांनाही भंडाऱ्याला बोलावून घेतलं. दुपारी लॅबमध्ये गर्दी नव्हती. धनीराम आला, खुर्चीवर टेकला, दम खाल्ला आणि थैलीतून काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली.

लॅबमधल्या निकेशनं डोळे बारीक केले. "काकाजी, मव्हाचा शहद आणला का?"

"शहद नाई बाप्पा. तळं आणलं."

"बाबा, हे काय होय?" ज्योत्सना म्हणाली.

"इचार नोको, पाय. तुह्या डाक्टरनं काढलं थे पाणी अन् हे पाणी. रंग सारका हाय का नाई? सारी जिंदगी छातीइतक्या पाण्यात उभा राहिलो मी. शिंगाडे तोडले, जाळं ओढलं, बुडी मारली. थोडं थोडं अंदर गेलंच असंन ना? मुरलं. आता निंगलं. यात गोळ्याचा काय काम?"

"अवो, माणूस होय का मडकं, पाणी मुराले?" रेवताबाई भिंतीशी उभी होती. "बसमध्ये बाटली मांडीवर घेऊन बसले, लेकरू घेतल्यावानी. मले लाज आली."

निकेशला हसू आवरेना. ज्योत्सनाला मात्र हसता आलं नाही. गोळ्या पोटात गेल्या नाहीत तर पुढचा पावसाळा कसा निघेल, हे तिला माहीत होतं. वाद घालून बाबा कधी हलले नव्हते. तिनं बाटलीतला एक थेंब काचेवर घेतला. "ये. एक डोळा मीट अन् पाय."

धनीरामनं वाकून डोळा लावला. काही क्षण गेले आणि त्याच्या चेहऱ्यावर जाळ्यात मोठा मासा लागल्यासारखी लकाकी आली.

"अरे बाप्पा! हिरवं हिरवं शेवाळ दिसून राहिलं. अन् हे काय गरगर फिरून राहिलं? जीव हाय याच्यात!"

"हं. हे तळं झालं." तिनं काच बदलली. "आता हे तुह्या छातीतलं."

तो बराच वेळ बघत राहिला. लकाकी हळूहळू विझली.

"इतं तं काईच पोहून नाई राहिलं. नुसत्या जांभळ्या गोट्या."

"शेवाळ दिसते?"

"नाई."

"मंग तळ्याचं कसं होईन? बाबा, थ्या गोट्या तुह्याच हायेत. तुह्या रक्तातल्या. शिंगाडा सोलला का अंदर एकच गर राहते ना? तशा ह्या. अंदर एकच बीज. दुसऱ्या जातीच्या गोट्या राहते भुईमुंगाच्या शेंगेवानी, मधात मधात आवळलेल्या. थ्या धावत येते, लढते अन् लवकर मरते. ह्या सावकाश येते, पण ठाण मांडून बसते. जुना दुश्मन असला का ह्याच जमा होते."

"म्हणजे माह्याकडून लढून राहिल्या?"

"तुह्याचकडून. पण एकट्याईनं होत नाई त्याईच्यानं. गोळ्या पायजे."

धनीरामनं डोळा काढला, पण खुर्चीकडे गेला नाही. टेबलाला धरून उभा राहिला.

"सरळ म्हण ना पोरी. लिलाधरचाच रोग."

हे नाव घरात सहसा निघत नसे. लिलाधर म्हणजे बाबांचा पाठचा भाऊ. ज्योत्सना आणि तिचा भाऊ देवानंद लहान असताना त्याला हा रोग झाला. औषधं अर्धवट राहिली. घरात दोन कच्ची लेकरं, म्हणून रेवताबाईनं त्याची सोय मासोळी राखायच्या खोपडीत केली, तळ्याच्या पाळीवर. रोज संध्याकाळी बाबा फडक्यात बांधलेला डबा घेऊन जात आणि अंधार पडल्यावर परतत. आई दारातूनच विचारी, "दूर ठेवला ना?" बाबा म्हणत, "ठेवला." एका हिवाळ्यात डबा जायचा बंद झाला. ज्योत्सना मोठी झाली, पण आईचा तो प्रश्न तिच्या मनात सलत राहिला. आईला तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

"गोळ्या घेईन मी," धनीराम म्हणाला. "पण घरात नाई झोपत. खोपडीत जातो."

"बाबा, तुही थुंकी साफ निंगाली. हा छातीच्या पडद्यातला हाय. तुह्यापासून कोणाले होत नाई. घरीच झोप, घरीच जेव."

"लागण्याचं नाई म्हणत मी. माह्या भावाले मी तिथं ठेवलं. मले हाच रोग झाला अन् मी घरात, पलंगावर? कोण्या तोंडानं झोपू?"

रेवताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. निकेश पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेला.

"अन् आता इतं आलोच तं सांगून टाकतो," धनीराम बायकोकडे न बघता म्हणाला. "रेवता, मी तुह्याशी खोटं बोललो. डबा दूर नाई ठेवला कधी. खोपडीत बसून त्याच्या संगं जेवलो, एकाच ताटात. एकट्याले घास उतरे नाई त्याले. तुले लेकराईची धास्ती होती, म्हणून बोललो नाई. घरात यायच्या आंधी तळ्यात आंघोळ करत होतो."

ज्योत्सनानं आईकडे पाहिलं. आता ही भडकणार, रडणार, असं तिला वाटलं. रेवताबाईनं थैलीतून कोनाड्यातलं ते गोळ्यांचं पाकीट काढलं. दातानं कोपरा फाडला, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि नवऱ्यापुढे हात धरला. त्यानं त्या घेतल्या. तेवढ्यात निकेशनं आणून ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्याबरोबर एकेक गिळल्या. शेवटची गोळी उतरेपर्यंत ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

"मालूम होतं मले," ती म्हणाली. "दारातून इचारत होती थे शेजाऱ्याईले आयकू जावं म्हणून. डबा दोघाईच्या पोटाचाच भरत होती मी."