मदतीच्या चार रेघा

विशेष शाळा संपली तेव्हा लेकीपुढे तीन पर्याय होते: कॉलेजातला दोन वर्षांचा खास वर्ग, पाकिटं भरायची कार्यशाळा, नाहीतर हॉटेलच्या लाँड्रीत प्रशिक्षण. तिने लाँड्री निवडली. मी कॉलेज निवडलं होतं, पण मला विचारतंय कोण?

प्रवेशाआधी दोन तासांची चाचणी होती. तिथल्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "चादरी आणि उशांचे अभ्रे, सगळ्यांच्या घड्या घालायच्या. मदत लागली की मी कागदावर एक रेघ मारणार. पाच झाल्या की प्रवेश नाही, मग पुढच्या वर्षी या." पुढच्या वर्षी म्हणजे तोवर लेक घरात, टीव्हीसमोर. मी दाराजवळच्या खुर्चीत पर्स आवळून बसले.

लेकीने पहिला अभ्रा उचलला.

"उलटा आहे गं," मी म्हणाले. बाईंनी रेघ मारली.

"अहो, मी आपलं सहज बोलले."

"मदत ती मदत."

दुसरी रेघ माझ्या "सावकाश, घाई नको"ची. तिसरी खाकरण्याची. त्यावर मी हुज्जत घातली, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही खाकरलात आणि तिने घडी मोडून पुन्हा घातली." चौथ्या वेळी तर मी अवाक्षर काढलं नव्हतं, नुसत्या भुवया उंचावल्या होत्या. आमचं अख्खं घर या भुवयांवर चालतं, त्यांना सवय लागलेली.

आता आणखी एक रेघ, की सगळं मुसळ केरात. आणि नेमकं तेव्हाच लेकीने तळहाताएवढा कॉफीचा डाग असलेली चादर घडी करून स्वच्छ गठ्ठ्यावर ठेवली. मी ओठ मिटले, डोळे मिटले आणि भुवयांवर हात धरला.

"आई, ऊठ. मला खुर्ची हवीये."

मी उठले. तिने तो गठ्ठा माझ्या जागेवर ठेवला आणि पुढची चादर घेतली. उरलेला वेळ मी भिंतीकडे तोंड करून काढला.

शेवटी न राहवून मीच कबूल केलं, "ती डागाची चादर..."

"पाहिली मी," बाई म्हणाल्या. "चुकांचा रकाना वेगळा. दहा चालतात, तिच्या तीन झाल्या. शिकायलाच तर येणार आहे. मदतीच्या चार, त्या चारही तुमच्या. तिने एकदाही मागितली नाही."

मला आनंद झाला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. एकोणीस वर्षांत मी तिला तीन चुकासुद्धा धड करू दिल्या नव्हत्या.

लेकीने कागद घेतला, खालचा शेरा बोट ठेवून वाचला, मग माझ्यासाठी पुन्हा मोठ्याने वाचला: "प्रवेश दिला. आईला सोबत आणू नये."