काठीतलं गाणं

"आता दुसरी पेटी लावतो. तोंड भिंतीकडं कर झिलू, माझ्याकडं बघू नको," यशवंतसाहेब म्हणाले.

झिलूला नेमकं तेच नको होतं. पहिल्या पेटीच्या वेळी त्याने साहेबांच्या तोंडाकडे बघूनच मान डोलावली होती.

साहेब पॉवरहाऊसचे इंजिनिअर, मूळचे बेळगावचे, आणि गाण्यापायी पुरते खुळावलेले. सीडीवर नुसते आकडे असतात, त्या आकड्यांचा आवाज करणारी वेगळी पेटी घेतली की गाणारा समोर येऊन बसतो, हे त्यांनी जोयड्याच्या जंगलात भेटेल त्याला सांगून झालं होतं. बेंगळूरच्या दुकानदाराने अशा दोन पेट्या पारखायला दिल्या होत्या. एक उद्याच्या बसने परत जायची होती. चार दिवस साहेब घटकेत ही, घटकेत ती करत होते. शेवटी कमलवहिनीच वैतागून म्हणाल्या, "त्या झिलूमामांना तरी बोलवा!"

कारण झिलूचा कान नावाजलेला. सोळा वर्षं तो शिसवाची हातभर काठी पॉवरहाऊसमधल्या मशीनच्या बेअरिंगला टेकवत आला होता, दुसरं टोक कानामागच्या हाडाला, आणि बिघाड कुठे आहे ते बिनचूक सांगत आला होता. त्याच्या गावात, कुंभारवाड्यात, त्याला चिडवत, झिलूला सरकार कानाचा पगार देतं म्हणून.

ते कान दोन वर्षांपासून वाहत होते. हाडातून अजून लख्ख ऐकू येई, बाकी सगळं कापूस कोंबल्यासारखं. गेल्या आठवड्यात डोक्यावर क्रेनचा हूक येत होता, जोडीला काम करणारा कृष्णा ओरडला, झिलूला पत्ताच नाही. कृष्णाने कॉलर धरून ओढलं म्हणून वाचला. कृष्णा कुणाला बोलला नाही. पण साहेबांना कळलं तर झिलूचं मशीन सुटणार आणि गेटवर बसायची पाळी येणार. त्याच्या जिवाला थारा नव्हता.

भिंतीपाशी त्याला कुठेतरी बाई गातेय एवढंच कळलं. काहीही ठोकून द्यावं, दोनातली एक बरोबर येणारच! पण त्याच्या शब्दावर साहेब एक पेटी परत धाडणार होते. तो उठला, बसला, पुन्हा उठला आणि साहेबांकडे वळला.

"साहेब, काठी लावू काय?"

साहेब हसले. "स्पीकरला? लाव की!"

काठी टेकताच बाई त्याच्या डोक्यात गाऊ लागली. साहेबांनी पेट्या आलटून पालटून लावल्या. एकीत तंबोऱ्याचा शेवटचा सूर मध्येच तुटायचा. दुसरीत तो बारीक होत होत विरायचा, आणि मग पुढच्या ओळीआधी...

"हीच," झिलू म्हणाला. "हितं बाई दम घेती. त्या पेटीत दमच घेत न्हाई."

"अरे, मी चार दिवस हेच म्हणतोय!" साहेबांनी टाळी वाजवली.

"झिलूमामा, चहा ठेवलाय," मागून वहिनी म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा मोठ्याने. झिलू वळला नाही.

साहेबांचं हसू ओसरलं. ते त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. "कधीपासनं?"

झिलूने काठी खाली घेतली. थाप मारायला तोंड उघडलं, पण जमेना.

"दोन वर्सं झाली. सोमवारी वर हापिसात लिवून कळवा साहेब. न्हाईतर माज्यापायी कुनाचा तरी जीव जाईल."

"डॉक्टरला दाखवू आपण. पण मशीनवर..."

"व्हय. ठाव हाय."

त्याला रडू येत होतं आणि मोकळंही वाटत होतं. तो जायला उठला, तेव्हा साहेबांनी हात धरून त्याला बसवलं, काठी स्वतःच स्पीकरला टेकवली, दुसरं टोक त्याच्या कानामागे दिलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

सोळा वर्षं झिलूने त्या काठीतून फक्त बिघाड ऐकला होता. आताही सवयीने तो शोधत राहिला. सापडेना. मग त्याने शोधणं सोडलं आणि डोळे मिटले.

"चहा गार होतोय," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. वहिनींनी कपावर बशी झाकली.