मूठ मिटली की थांबायचं

मी गाडी बोलतेय. उंच, चौकोनी, राखाडी रंगाची, सात माणसांना पोटात घेणारी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला बघून लोक विचारतात, एवढं धूड घेऊन करायचं काय? मी मनाला लावून घेत नाही. माझ्या पोटाखालून मांजर शेपटी उभी ठेवून जाऊ शकतं. जाणकाराला एवढं पुरे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला, हजारो भावंडांबरोबर. तिथल्या माणसांनी माझ्या अंगात एक जादा गुण घातला. नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडा. तो ओढला की माझी चारही चाकं जोर लावतात आणि मी मुंगीच्या पावलांनी दगडधोंड्यांचा चढसुद्धा चढते. पण घरी आल्यावर पहिली दोन वर्षं त्या दांड्याला भाजीची पिशवी अडकवलेली असायची. शाळा, दवाखाना, बाजार, पुन्हा शाळा. मी तक्रार केली नाही. मनात मात्र म्हणायचे, अहो, तुला काय काय येतं, एवढं एकदा विचारा तरी.

मला चालवते ती घरातली सून. औषधांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर चिमटीने गोळ्या मोजायची सवय, त्यामुळे हात हलका. अडतिसाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि पहिल्या आठवड्यातच माझी तिची गट्टी जमली. तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतो. त्याला गाडी चालवण्यात रस नाही, वाटा शोधण्यात आहे. त्यानेच जुन्या नकाशावर टेकडीमागच्या तलावाकडे जाणारी कच्ची वाट शोधून काढली. नऊ किलोमीटर, दोन चढ, एक ओढा. त्या रविवारी दांड्यावरची पिशवी निघाली, ती कायमची.

डांबर संपतं तिथे आम्ही थांबतो. नवरा खाली उतरून माझ्या टायरांमधली हवा थोडी थोडी सोडतो. पहिल्यांदा मला अपमान वाटला होता. टायर कसे टणक हवेत, अशी माझी समजूत. पण सैल टायर दगडाला कवेत घेतो, टणक टायर त्याच्यावरून उडतो. परत डांबरावर आलं की डिकीतल्या छोट्या पंपाने हवा भरून घ्यायची. दोन वर्षं रस्त्यावर धावून मला हे ठाऊक नव्हतं, की थोडं मऊ झालं की पकड वाढते.

मग दर रविवारी आमची फेरी ठरली. पुढे नवरा-बायको. मागे त्यांची मुलगी, चौदा वर्षांची. तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. तिच्या शेजारी आत्या, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. आत्याला गाडी चालवता येत नाही, पण चालवणाऱ्याला चालवता येतं. आणि खिडकीशी आजोबा, नवऱ्याचे वडील.

आजोबा चौतीस वर्षं बंदरात होते. क्रेन चालवणारा उंच केबिनमध्ये बसतो, त्याला खालचं सगळं दिसत नाही. खाली उभं राहून नुसत्या हातांच्या खुणांनी त्याला सांगायचं, किती उचल, किती फिरव, कुठे टेकव. ते काम आजोबांचं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, जसं एखाद्याचा रक्तगट माहीत असतो. बघितलं कोणीच नव्हतं.

एका वर्षी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात आणि त्यावर पांढरा सुती रुमाल बांधतात. बोलायला एक छोटी पाटी आणि मार्कर. पण आमची मंडळी पडली बोलघेवडी. आजोबा चार शब्द लिहून पाटी वर करेपर्यंत गप्पा तीन विषय पुढे गेलेल्या असायच्या. मला आरशातून दिसायचं. ते पाटी धरून बसायचे, वाट बघायचे, मग बाहीने पुसून टाकायचे. पुढे पुढे त्यांनी मार्करचं टोपण काढणंच सोडलं. माणसं आजाऱ्याची काळजी फार मनापासून घेतात, फक्त ती घेताना त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात.

मग एका रविवारी निघतानाच नवऱ्याने बायकोला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे कुठे, तर माझ्या उघड्या खिडकीशी. धूळ असते, धक्के बसतात, गळ्यात काही गेलं तर तिथे ना डॉक्टर ना रेंज. आजची शेवटची खेप. पुढच्या वेळेपासून बाबांना घरी ठेवू, सोबतीला एखादी बाई बघू.

"त्यांना विचारलंत?" सुनेने विचारलं.

"विचारायचं काय त्यात? त्यांच्याच भल्याचं आहे."

आजोबा आत पट्टा लावून तयार बसले होते. त्यांचा आवाज गेला होता, कान नव्हेत. त्यांनी काच वर केली. बस्स, एवढंच केलं. रविवारची एवढी एक फेरी त्यांच्याकडे उरली होती, आणि तीही त्या दिवशी संपणार होती.

वाट मात्र छान लागली. पहिला चढ मी पहिल्या गिअरमध्ये, एका दमात चढले. दुसऱ्या चढावर खडी सुटी झाली होती, तरी माझं एकही चाक घसरलं नाही. उतारावर सून ब्रेकला पायसुद्धा लावत नाही, इंजिनच्या जोरावर मला सावकाश उतरू देते. इतका विश्वास टाकला की गाडी चूक करत नाही. हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

मग आला ओढा. घोट्याएवढं पाणी, नेहमीसारखं. पण आठवड्यात वर कुठेतरी पाऊस झाला असावा. नेहमीची दगडांची वाट उधळून गेली होती, नवे धोंडे येऊन बसले होते. सून थांबली आणि रस्ता दाखवायला आजोबा सोडून बाकीचे खाली उतरले.

इथे चूक झाली. एकाने रस्ता दाखवायचा असतो, तिघांनी नाही.

नवरा उजवीकडून सांगत होता, डावीकडे घे. आत्या डावीकडून सांगत होती, अगं इकडे कशाला, तिकडे जागा पडलीय. चिमणी मागून ओरडत होती, आई थांब, नाही नाही, ये. सून बिचारी स्वभावाने ऐकणारी. तिने तिघांचंही थोडं थोडं ऐकलं. माझं पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं, मागचं उजवं हवेत उचललं गेलं आणि डाव्या दाराखालची पायरी एका धोंड्यावर कर्रकन टेकली.

माझा एक दोष इथे कबूल करते. एखादं चाक हवेत गेलं की माझा जोर नेमका तिकडेच पळतो. सुनेने ॲक्सिलरेटर दाबला आणि हवेतलं चाक गरगर फिरलं. मी जागची हलले नाही. भीती वाटली नाही, लाज वाटली.

नवऱ्याने फोन वर धरून पाहिला. रेंज नव्हती. टेकडीवर जाऊन कोणाचा ट्रॅक्टर मिळतो का बघतो, म्हणाला. आत्या म्हणाली, मी आधीच सांगत होते. काय सांगत होती ते तिलाही आठवेना.

तेवढ्यात माझं मागचं दार उघडलं. आजोबा बाहेर आले. पाटी सीटवरच होती. गळ्याचा रुमाल त्यांनी नीट घट्ट केला, पँट दुमडली आणि पाण्यात पाय टाकला.

नवरा धावला. "बाबा, पाण्यात नको. पाय घसरला, गळ्यात पाणी गेलं तर..."

आजोबांनी त्याच्याकडे न बघता तळहात दाखवला. तो जागीच थांबला. का थांबला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्या हातात चौतीस वर्षं होती.

त्यांनी वाकून माझं पोट पाहिलं. चारही चाकं पाहिली. लोंबकळणाऱ्या चाकावर हात ठेवला, जणू ओळख करून घेत होते. मग माझ्यासमोर दहा पावलांवर, सुनेला पूर्ण दिसतील असे उभे राहिले. हात वर केला आणि मूठ मिटली.

सुनेने काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "आता कोणी बोलायचं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मी कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "मी फक्त बाबांकडे बघणार आहे."

मूठ तशीच होती. ते कशाची तरी वाट बघत होते. क्षणभराने तिच्या लक्षात आलं. तिनेही समोरच्या काचेआडून मूठ मिटून दाखवली. त्यांनी मान हलवली. थांबायचं म्हणजे काय, हे दोघांचं ठरलं. मग तळवा तिच्याकडे ढकलला, मागे. तळवा स्वतःकडे ओढला, पुढे. एक बोट डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक खूण तिने परत करून दाखवल्याशिवाय ते पुढच्या खुणेकडे वळले नाहीत. आधी भाषा, मग काम.

त्यानंतर दगड. हातांनी माप दाखवून त्यांनी नवऱ्याला आणि चिमणीला पिटाळलं. नवऱ्याने गोल दगड आणला, तो परत पाठवला. चपटा हवा होता. हवेतल्या चाकाखाली चपट्या दगडांची चळत रचली, खड्ड्यातल्या चाकामागे एक मोठी लादी सरकवली. चिमणी दगड वाहत होती आणि गप्प होती. तेवढ्यासाठीही तो दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तळवा ढकलला गेला. मागे. सुनेने आखूड दांडा ओढलेला होताच. माझ्या उचललेल्या चाकाला दगड लागला आणि अंगात जीव आला. पायरी धोंड्यावरून करकरत सुटली. आजोबांची पाच बोटं उघडी होती. मी मागे सरकत गेले तसं एकेक बोट मिटत गेलं. करंगळी. अनामिका. सून ती बोटं बघत होती. मूठ पूर्ण मिटली. ती थांबली.

मग एक बोट उजवीकडे. स्टिअरिंग वळलं. तळवा स्वतःकडे. मी पुढे निघाले, मूठ, थांबले, जरा डावीकडे, पुन्हा पुढे. अर्धा हातसुद्धा वाया गेला नाही. पलीकडच्या काठावर चारही चाकं कोरड्या मातीवर टेकली, तेव्हा आत्या म्हणाली, "मी हेच सांगत होते." कोणी वाद घातला नाही.

आजोबा पाण्यातून बाहेर आले. सुनेने त्यांचे पाय टॉवेलने पुसले, गळ्याचा रुमाल बदलला. मग त्यांनी पाटी मागितली. मार्कर सुकला होता, दोनदा झटकावा लागला. ते लिहू लागले. अक्षर मोठं, लिहायला वेळ लागत होता. मुलगा समोर उभा होता. मी बघत होते. त्याने मधे काही विचारलं नाही, वाकून आधी वाचायचा प्रयत्नही केला नाही. पाटी वर होईपर्यंत तो हात बांधून थांबला.

"पुढच्या रविवारी लवकर निघा. दहानंतर ऊन डोळ्यांवर येतं, दगड नीट दिसत नाहीत."

मुलाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. बायकोकडे बघितलं, ती स्टिअरिंगवरची माती पुसण्यात गुंतली होती.

"सात वाजता चालेल, बाबा?" त्याने विचारलं.

आजोबांनी सहा बोटं दाखवली.

याला आता तीन वर्षं झाली. माझं वय झालंय, खालून थोडं तेल गळतं, डावी पायरी चेपलेली आहे ती तशीच आहे. तरी रविवारी सहाला माझं इंजिन सुरू होतं. त्या वाटेवर हल्ली बऱ्याच गाड्या येतात, नव्या, चकचकीत, माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या. ओढ्याशी येऊन थांबतात. त्यांच्यातही चौघे उतरतात आणि चार दिशांना हात करतात.

तुम्ही कधी तिकडे आलात, तर पलीकडच्या काठावर एक म्हातारा दिसेल, गळ्याला पांढरा रुमाल, पँट दुमडलेली. त्याच्यामागे तीन पावलांवर त्याचा मुलगा उभा असेल, काही न बोलता. त्यांना हाक मारू नका, काही विचारू नका. काच खाली करा, घरच्यांना गप्प बसवा आणि त्या हातांकडे बघा. मूठ मिटली की थांबा, आणि तुम्हीही मूठ मिटून दाखवा. बाकी सगळं ते बघून घेतील.