दाढदुखीचा मंत्र

मानमोडीच्या तापाची साथ सरून वर्ष झालं होतं. म्हसावदात मी भगत, आणि माझ्याकडे शिकणारा मगन. तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. हाताला यश होतं त्याच्या, पण तोंडाला आवर नव्हता.

कौसाबाई दोनदा आली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "झोप येस नही," आणि मगनने लगेच काळ्या कोंबडीचा उतारा सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने बोलायला तोंड उघडलं आणि त्याने लिंबू सांगितलं. आता तिचा दीर भटू म्हणत होता, आज शेवटचं. उद्या भूत उतरवायला शेजारच्या गावी मिरचीच्या धुरीला नेणार.

मी स्वतः बसलो असतो. पण मग मगन शिकणार कधी? आणि बाई धुरीला गेली तर पाप माझं, कारण त्याला बसवलं मी.

मी तांब्यातून मगनच्या तोंडात गुळणीभर पाणी भरलं. विहिरीचंच.

"मंत्रेल शे. बाईनं सांगनं व्हस तोपावत धर. गिळशी ते मंत्र तुन्हाच पोटमा जाई. मंग बाई नही, तूच बरा व्हशी."

मगनने गंभीरपणे मान हलवली.

कौसाबाई येऊन बसली. "भाऊनं तोंड काबर सुजेल शे?"

"दाढ दुखस त्यानी," मी म्हणालो. "तू सांग." आणि कुडाच्या मागे जाऊन बसलो.

ती म्हणाली, "झोप येस नही." मगनचे गाल हलले. उपाय दातापर्यंत आला होता. बाई वाट बघत राहिली. बाहेर भटूची विडी संपली, त्याने दुसरी पेटवली.

मग ती खाली बघत बोलली.

"पोरले ताप व्हता. सासू बोलनी, जाय, मी शे. शहादाना बजारमा मी पोरसाठे बांगड्या निवडत बठनू. हिरव्या का लाल. घर वनू ते पोर गयेल व्हती. बांगड्या आज बी डबामा शेतस. कोनी इचारं नही."

ती बराच वेळ रडली. मगनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंडातलं मात्र जागेवर होतं.

पदराने तोंड पुसून ती बाहेर गेली. "भटूभाऊ, धुरी नको. सकाय परत आठेच येसू. बांगड्या लई येसू."

मगनने अंगणात चूळ टाकली आणि कुडामागे आला.

"आबा, आते तिले उपाय काय सांगू?"

माझेही गाल पाण्याने फुगलेले होते. मी उद्यासाठी त्याचा तांब्या भरून ठेवला.