पुढे कोण, मागे कोण

धाकटी म्हणजे घरातलं शेंडेफळ. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे काम पुढच्या काउंटरवाल्यांचं. हिला दिवसभर कुणी नावानं हाकही मारत नसे. पण संध्याकाळी घरी येऊन गेमचा कंट्रोलर हातात घेतला, की तिच्या अंगात वारं शिरायचं.

खेळ होता राक्षसांच्या झुंजीचा. दोघांच्या विरुद्ध दोघे. एकाने पुढे जाऊन हल्ला करायचा आणि दुसऱ्याने मागे राहून बचाव सांभाळायचा, म्हणजे साथीदारावर ढाल धरायची, त्याच्या जखमा भरायच्या, वेळ आली तर फटका आपल्या अंगावर घ्यायचा. धाकटीचा राक्षस ठरलेला: वणव्या. मारायला वाघ, पण सोसायला अगदीच कागद.

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा दोघींना एकमेकींशी काय बोलावं तेच सुचेना. शेवटी धाकटीने तिच्या हातात दुसरा कंट्रोलर दिला. "तू नुसती ढाल धर," ती म्हणाली, "मारायचं मी बघते." वहिनीने कातळ्या नावाचा एक थोराड, संथ राक्षस निवडला आणि ढाल धरली, ती धरलीच. वहिनी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. घाबरलेल्या माणसाचा दंड धरून त्याला बोलण्यात गुंतवायचं आणि सुई कधी गेली ते कळू द्यायचं नाही, ही तिची रोजची सवय. खेळातही ती तशीच शांत असायची. नणंद-भावजयीचं असं मेतकूट जमलं, की दादा थट्टेने म्हणायचा, या घरात मीच पाहुणा झालोय.

डाव संपला की पडद्यावर फक्त कुणी किती राक्षस पाडले एवढंच यायचं. कुणी किती फटके सोसले, ते खेळाला सांगायची गरज वाटत नसे, आणि धाकटीलाही विचारायची गरज वाटली नव्हती.

शहरातल्या मोठ्या स्पर्धेत दोघी अंतिम फेरीला पोचल्या. हॉलबाहेर पाण्याच्या कूलरपाशी वहिनीने जरा अडखळतच विचारलं, की या डावात वणव्या मी घेऊ का? समोरच्यांनी धाकटीचे सगळे डाव पाहून ठेवलेत, पुढे नवा हात दिसला तर ते गडबडतील. आणि मग खाली बघत म्हणाली, "मलाही एकदा मारून बघायचंय गं. मी सराव केलाय."

"घे की," धाकटी म्हणाली. "मी राहते मागे." म्हणताना ते मनापासूनच होतं.

पण खुर्चीत बसल्यावर, समोर भरलेला हॉल बघितल्यावर तिला मागे राहणं नकोसं झालं. एक राक्षस एकीलाच मिळायचा. जी आधी बटण दाबेल तिचा. वहिनी हेडफोन नीट करत होती, तेवढ्यात धाकटीने वणव्या घेतला.

वहिनीने वळून पाहिलं.

"चुकून दाबलं गेलं," धाकटी म्हणाली.

वहिनीने मान पुन्हा पडद्याकडे वळवली. तिने कातळ्या घेतला. त्या जिंकल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला, पडद्यावर धाकटीच्या नावापुढे आकडा झळकला, सूत्रसंचालकाने माइक तिच्यापुढे धरला आणि साथीदाराबद्दल विचारलं. धाकटी हसून म्हणाली, "वहिनी आहे माझी. अजून शिकतेय." हॉल हसला. वहिनीही हसली, आणि ते हसू धाकटीला घरी पोचेपर्यंत डोळ्यांपुढून हलवता येईना.

दुसऱ्या दिवशी दादाने कौतुकाने सामन्याचं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. सुरुवातीला राक्षस निवडतानाचा पडदा आला. धाकटीच्या नावाची खूण कातळ्यावर गेली, तिथे थांबली. मग हळूहळू सरकत वणव्यापाशी आली. तिथेही थांबली. आणि मग दाबलं गेलं. चुकून जाणारा हात असा विचार करत जात नाही. कूलरपाशी काय ठरलं होतं ते दादाला माहीत नव्हतं, तो आपला पुढचा डाव बघत म्हणत होता, "अगं, ही नसती तर तू तिसऱ्या फटक्यालाच आडवी झाली असतीस." धाकटीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वहिनी उठून गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली.

थोड्या वेळाने धाकटी तिच्या मागे गेली. उगाच एक टॉवेल हातात घेऊन उभी राहिली. शेवटी म्हणाली, "वहिनी, ते चुकून नव्हतं."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार कधी? डाव सुरू झाला, तुझ्यावर फटके यायला लागले." वहिनीने चिमटे टोपलीत टाकले. "वणव्या घेतलास त्याचं एवढं नाही. भीती वाटली असेल. पण सगळ्यांसमोर शिकतेय म्हणालीस, ते लागलं."

धाकटीने माफी मागितली. वहिनी बरं म्हणाली, आणि पुढे कितीतरी दिवस, आज थकलेय, आज डोकं दुखतंय, असं म्हणत तिने कंट्रोलरला हात लावला नाही. जेवताना बोलणं व्हायचं, पण मीठ दे, पाणी दे, एवढंच. दादाने कारण विचारलं तेव्हा धाकटीने सगळं सांगून टाकलं. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो उठून आत वहिनीकडे गेला.

मग एका सुट्टीच्या दुपारी वहिनी आपणहून येऊन बसली. "मी पुढे," म्हणाली. धाकटीने निमूटपणे कातळ्या घेतला.

तिला काही जमेना. ढाल केव्हा उचलायची, दोघींतली जास्त जखमी कोण, समोरचा आता कुणावर झेपावेल, हे सगळं एकाच वेळी बघायचं, आणि स्वतःचं असं काहीच करायचं नाही. त्यातून समोरचा राक्षस जरा लंगडताना दिसला की हात शिवशिवायचे. दोनदा ती ढाल सोडून मारायला धावली आणि दोन्ही वेळा वहिनीचा वणव्या उघडा पडून कोसळला. त्या हरल्या.

धाकटीचे कान तापले. दुसऱ्यांदा धावताना ढाल सुटतेय हे तिला कळलं होतं, तरी ती धावली होती. हे सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण वहिनी पडद्याकडेच बघत होती.

"पुन्हा लाव," वहिनी म्हणाली. "मीच पुढे."